राहीबाईंच्या वायफायचं कुलूप

आष्ट्याच्या कडेला एक गल्ली संपते आणि उसाचं रान सुरू होतं. तिथं शेवटचं घर राहीबाईंचं. दोन खोल्या, वर स्लॅब, दारात कडीपत्ता. घर बांधलं नाथाजींनी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आल्यावर. पण घराचं सुख त्यांना फार लाभलं नाही. सहा वर्षांमागं एका सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. एकुलता एक मुलगा शिवतेज, तोही बापाच्या वाटेनं फौजेत गेलेला. तेव्हापासून राहीबाई एकट्याच.

एकट्या म्हणायचं ते आपलं राहण्यापुरतं. गल्लीत त्यांचं येणंजाणं भरपूर. कुणाच्या घरी चकल्या बिघडल्या, कुणाच्या पोराची दृष्ट काढायची, की हाक राहीबाईंना. हाताला सढळ बाई. घरात आलेला माणूस पाण्यावाचून परत जाऊ द्यायचा नाही, हा त्यांच्या सासूनं घालून दिलेला शिरस्ता.

गेल्या सुट्टीत शिवतेजनं घरात इंटरनेट घेतलं. जोडणी करायला आलेल्या माणसानं देवघराशेजारच्या फळीवर ते पांढरं यंत्र बसवलं, तार ओढली आणि म्हणाला, "मावशी, पासवर्ड तुमचा मोबाईल नंबरच ठेवलाय. लक्षात राहायला सोपा." आता राहीबाईंचा नंबर गल्लीत कुणाकडं नव्हता? आठवड्याभरात कुणाची पोरं अभ्यासाला, कुणी सिरियली बघायला, त्यांच्याच वायफायवर. कट्ट्यावर बसलेल्या पोरांना त्या स्वतःच सांगायच्या, "घ्या रं घ्या. वाऱ्यावरची गोष्ट, ती काय आटणार हाय का?"

त्याच सुट्टीत शिवतेजनं एक कॅमेराही आणला. मुठीएवढा, पांढरा, वर गोल डोकं. आतल्या खोलीत, चुलीच्या समोरच्या भिंतीवर त्यानं तो ठोकला.

"आई, मला सवड मिळल तवा मी तिकडनं तुला बघीन," तो म्हणाला. "तू बोललीस तर मला ऐकू यील."

"आन तू बोललास तर?"

"ते न्हाई. माझं बोलणं फोनवर."

स्वस्तातला कॅमेरा, त्याला कान होते, तोंड नव्हतं. पण मान होती. शिवतेज तिकडं सिक्कीमच्या बाजूला फोनवर बोट फिरवायचा आणि इकडं आष्ट्यात कॅमेऱ्याची मान कर्र करून वळायची. पहिल्यांदा ती वळली तेव्हा राहीबाई लाजल्याच. पदर सारखा केला, केसांवरनं हात फिरवला आणि मग त्या कॅमेऱ्याकडं बघून म्हणाल्या, "आलास व्हय रं? जेवलास का?"

पुढं हे रोजचंच झालं. मान वळली की पोरगं आलं. त्या पीठ मळता मळता बोलायच्या, शेंगा फोडता फोडता बोलायच्या.

मार्गशीर्षाच्या तोंडाला शिवतेजचा फोन आला. वरच्या ठाण्यावर जायचंय, महिनाभर तरी फोनची पंचाईत, काळजी करू नको. त्या महिन्यात त्याचे दोनच फोन आले, तेही खरखरीत, मिनिटभराचे. कशी हायस, बरी हाय, संपलं. पण राहीबाईंना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. कारण फोन थांबला तरी कॅमेरा थांबला नव्हता. उलट रोज दुपारी एकच्या सुमाराला त्याची मान वळायची, अगदी नेमानं.

"फोन लागत न्हाई, पर आईला बघायला सवड काढतोय बघा," असं त्या देवासमोर हात जोडून म्हणायच्या.

आणि तो महिना राहीबाई नीट जेवल्या. खरं सांगायचं तर, एकट्या माणसाला चूल पेटवायचा कंटाळा असतो. सकाळची भाकरी संध्याकाळी, संध्याकाळची दुसऱ्या दिवशी चहात, असं त्यांचं चालायचं. पण पोरगं बघतंय म्हटल्यावर शिळी भाकरी कशी खायची? दुपारी एकला त्या ताट वाढून घेऊन कॅमेऱ्यासमोर पाट मांडायच्या. ताटात भाजी, आमटी, कांदा. दाखवून दाखवून खायच्या. आणि बोलायच्या. गुडघा दुखतोय. सोसायटीच्या मागचं चिंचेचं झाड तोडलं. थंडी सुटली, हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं खावंसं वाटतंय, पर एकटीसाठी कुठं करत बसायचं.

शेजारची अंकिता त्याच महिन्यात त्यांच्याकडं जास्त येऊ लागली. अंकिता म्हणजे धोंडुबाईंची सून. लग्न होऊन आठच महिने झालेले, माहेर औंधचं. नवरा विश्वजीत कारखान्यात, पाळीनं जाणारा. सासू धोंडुबाई दिवसभर रानात. पोरगी कमी बोलणारी. एक दिवस निरगुडीचा पाला घेऊन आली, "मावशी, गुडघ्याला शेका." दुसऱ्या दिवशी डबाभर माडगं. राहीबाईंना नवल वाटलं. "मनातलं वळखतीस गं पोरी," त्या म्हणाल्या. अंकिता खाली बघून हसली आणि गेली.

मग ती दुपार आली.

नाथाजींची तिथी होती. राहीबाईंनी नैवेद्य केला, कावळ्याला घास ठेवला आणि आत येऊन बसल्या. कॅमेऱ्याची मान वळली. मग सहा वर्षं पोटात ठेवलेलं एकाएकी तोंडातून बाहेर आलं.

"शिवतेज, तुला एक सांगायचंय. तुझे बाबा गेले त्या दिवशी सकाळी मला म्हणले हुते, छातीत जड वाटतंय. मी म्हणले, काल वांगी खाल्लीसा, वारा धरला आसल, जरा पडा. आन मी भांगलायला गेले. रानात गेले रं मी. दोन तास. परत आले तर..." त्यांनी पदर तोंडात धरला. "मी थांबले असते तर गाडी करून सांगलीला न्हेलं असतं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. तुला बी न्हाई. आता सांगितलं. तुला काय वाटायचं ते वाटू दे."

कॅमेरा काही बोलला नाही. त्याला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. राहीबाई ताट वाढून बसल्या. मान वळली नाही. सव्वा झाला, दीड झाला. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशीही नाही. राहीबाईंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. पोरगं रागावलं. रागावणारच. बाप गेला त्याचा. आपण सांगायला नको होतं. नाही, सांगायलाच हवं होतं, पण असं भिंतीकडं तोंड करून नव्हे. ह्या कुशीवरनं त्या कुशीवर त्यांचं हेच चालायचं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. शिवतेज. आवाज स्वच्छ, तो खालच्या ठाण्यावर परत आला होता.

"आई, कशी हायस?"

राहीबाईंनी उलट विचारलं, "माझ्यावर रागावलास का रं?"

"कशापायी?"

"चार दिस झालं, कॅमेरा बघायचा सोडलास."

तो म्हणाला, "आई, चार दिस कुठलं? मी महिना झाला कॅमेरा उघडलाच न्हाई. वर नेटच नव्हतं."

एका अंगानं राहीबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला, पोरगं रागावलं नव्हतं. पण दुसऱ्या अंगानं नजर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डोक्याकडं गेली. मग महिनाभर मान वळवत होतं कोण? ताट दाखवलं कुणाला? आणि ते सगळं, ते नाथाजींचं, ऐकलं कुणी?

त्यांनी सगळं सांगितलं, फक्त तिथीच्या दिवशी काय बोलल्या ते सोडून. शिवतेज तिकडं घाबराघुबरा झाला. "आई, आधी त्येची पिन काढ! आन शेजारी कुणाला तरी बोलव."

"शेजारी कुणाला बोलवू?" राहीबाई म्हणाल्या. "शेजारीच तर हाय न्हवं कुणीतरी."

त्यांनी कॅमेऱ्याची पिन काढली. तरी तो डोळा बघतोयसं वाटून त्याच्यावर टोपली पालथी घातली, दोरीनं बांधली. मग वायफायच्या यंत्राच्याही पिना काढल्या, ते टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातलं आणि आजारी पोराला दवाखान्यात न्यावं तसं उराशी धरून बाजारपेठेतल्या इंटरनेटच्या ऑफिसात गेल्या.

ऑफिसात दीपमाला होती. चाळिशीतली बाई, मूळची सांगलीची, तक्रारी घेणं आणि घरोघरी जाऊन दुरुस्त करणं दोन्ही करायची. राहीबाईंनी टेबलावर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "ह्येच्यातनं कुणीतरी माझ्या घरात शिरलंय."

दीपमाला हसली नाही. तिनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चला काकू, घरीच जाऊ. हे घरी लावूनच बघावं लागेल." राहीबाई तिच्या स्कूटीवर मागं बसल्या, मांडीवर यंत्र.

घरी तारा परत जोडल्या. दीपमालानं स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी उघडलं आणि विचारलं, "काकू, घरात तुम्ही एकट्याच ना?"

"एकटीच."

"म्हणजे तुमचा मोबाईल आणि कॅमेरा, दोनच वस्तू. मग ह्या बारा कुठल्या?"

तिनं यादी दाखवली. गल्लीतले मोबाईल होते, दोन टीव्ही होते. काहींना माणसांची नावं होती, काहींना नुसते आकडे. राहीबाई बघतच राहिल्या. जशी काही आपल्या माजघरात बारा माणसं बसलेली आणि आपल्याला पत्ता नाही.

"मीच दिलता नंबर सगळ्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "वाऱ्यावरचं हाय म्हणून."

"वाऱ्यावरचंच आहे, म्हणून तर कुलूप पाहिजे," दीपमाला म्हणाली. "तुमच्या वायफायवर जो येतो, तो तुमच्या घराच्या आत येतो. पाणी द्यायला माणसाला ओट्यावर बसवतो आपण, तिजोरीच्या खोलीत नाही. आणि कॅमेऱ्याला तर कंपनीतनं आलेला पासवर्डच ठेवलाय तुमच्या मुलानं. तो सगळ्या जगाला ठाऊक असतो."

"मग तू बदल आन चल."

"मी नाही. तुम्ही बदलायचा. मी नुसतं सांगते."

राहीबाई चौथी शिकलेल्या. पण इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती, आणि ती शाळेत शिकलेली नव्हती. नाथाजी फौजेत असताना पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत लिहावा लागायचा. रेजिमेंटचं नाव, मग आर्मी पोस्ट ऑफिसचा आकडा. सुरुवातीला पोस्टमनकडून लिहून घ्यायच्या. मग नवऱ्याचा पत्ता परक्यानं का लिहावा, म्हणून एका पावसाळ्यात हट्टानं सगळी अक्षरं गिरवली. आता ती कामाला आली.

दीपमालानं सांगितलं, नाव नको, जन्मतारीख नको, फोन नंबर तर नकोच. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या, आपले मराठीच, इंग्रजी अक्षरांत लिहा, मधे एखादा आकडा टाका. लांब असू दे. तुम्हाला आठवेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही असं.

राहीबाईंनी डोळे मिटून विचार केला. मग मोबाईल हातात घेतला आणि थांबल्या. दीपमालाला कळलं. "मी तोंड फिरवते," ती म्हणाली आणि खरंच दाराकडं तोंड करून, कडीपत्त्याकडं बघत उभी राहिली. राहीबाईंनी एकेक अक्षर शोधून दाबलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. ते चार शब्द कुठले, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

तेवढ्यावर दीपमाला थांबली नाही. यंत्राची स्वतःची आणखी एक चावी असते, म्हणाली. वायफायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली, पण हे कुलूपच बदलायची किल्ली. तीही बदलून घेतली. मागचं एक बटण होतं, ते दाबून कुणीही पासवर्डाशिवाय आत येऊ शकतं, ते बंद करायला लावलं. कॅमेऱ्याला नवा, निराळा पासवर्ड. शेवटी यादी पुन्हा उघडली. दोनच नावं. राहीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"काकू, पोलिसात द्यायचं का?" दीपमालानं जाताना विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला कळू दे."

पण कळायचं कसं? दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली एकेक पोरं आली. आजी, नेट चालंना. मावशी, नवा पासवर्ड काय? राहीबाई एकच सांगायच्या, "बदललाय. आता कुणाला द्यायचा न्हाई." गल्ली रुसली. आणि राहीबाईंच्याही मनात विष कालवलं गेलं. जो समोर येईल त्याच्याकडं त्या संशयानं बघू लागल्या. कोपऱ्यावरचे दुकानदार लालासाहेब, सत्तरीचा सरळ माणूस, त्यांनी सहज विचारलं, "काय राहीबाई, गुडघा कसा हाय?" तर ह्या कडाडल्या, "माझा गुडघा दुखतोय हे तुमाला कुणी सांगितलं?" लालासाहेब बिचारे चाट पडले. "आवं, लंगडताय म्हणून इचारलं," म्हणाले. राहीबाई साखर न घेताच परत आल्या आणि आपल्याच दारात बसून राहिल्या. इतक्या वर्षांत ह्या गल्लीत त्यांनी दाराला दुपारी कडी लावली नव्हती. त्या दिवशी लावली.

चौथ्या दिवशी दुपारी कडी वाजली. बाहेर अंकिता. हात रिकामे, चेहरा पांढरा पडलेला.

"मावशी, सगळ्यांवर संशय घेऊ नका," ती म्हणाली. "ती मी हुते."

राहीबाईंना आधी कळलंच नाही.

"आमाला गोठ्यात कॅमेरा बसवायचा हुता. ह्यांनी मला म्हटलं, मोबाईलवर ते ॲप घेऊन बघ. मी तुमच्या वायफायवर हुते. उघडलं तर म्हणालं, जवळ एक कॅमेरा सापडला. पासवर्ड मागितला, मी कंपनीचाच टाकला, चार आकडी. आन एकदम तुमी दिसलासा. मी बंदच करणार हुते मावशी, देवाशप्पथ. पर बोट लागून त्येची मान वळली, तुमी वर बघितलं आन म्हणलासा, जेवलास का रं पोरा."

ती तिथंच उंबऱ्याला टेकली. "आई गेल्यापास्नं मला कुणी इचारलं न्हाई. मी नववीत हुते. हितं बी कुणी वाईट न्हाई, सासूबाई बोलत न्हाईत इतकंच. सगळी आपापल्या कामाला. दुपारी एकटीच असती मी. तुमी इचारायचा, जेवलास का, आन मी हिकडं ताट घेऊन बसायची आन म्हणायची, व्हय. मला ठावं हुतं ते माझ्यासाठी न्हाई. तरी बसायची."

"आन ते?" राहीबाईंनी कसंबसं विचारलं. "तिथीच्या दिवशीचं?"

अंकितानं मान खाली घातली. "ऐकलं. तवाच मला कळलं मी काय करतीय ते. त्या दिवसापास्नं उघडला न्हाई. ॲप बी काढून टाकलं."

राहीबाईंचा हात उठला होता. तो तसाच हवेत राहिला. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तू माझ्या पोराच्या जागंवर बसलीस. जा हितनं."

अंकिता गेली.

पुढचे तीन दिवस राहीबाई कुणाशी बोलल्या नाहीत. राग खरा होता आणि तो उगाच नव्हता. आपण विस्कटलेल्या, उघड्या, रडलेल्या, तिनं बघितलेल्या. पण राग आला की त्याच्या मागोमाग निरगुडीचा पाला आठवायचा. माडगं आठवायचं, वरनं घातलेला गूळ आठवायचा. आणि तिकडं त्या घरात मोबाईल समोर ठेवून ताट घेऊन बसलेली, भिंतीपलीकडची पोरगी. आपण बोलत होतो भलत्याशीच, पण ऐकत तर कुणीतरी होतं. जेवलो तर होतो दोघी.

आणखी एक गोष्ट त्यांना टोचत होती. शिवतेजच्या वाटणीचं जे होतं, ते परक्या पोरीला कळलं आणि त्याला अजून ठाऊकच नाही. हे काही बरं नव्हे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन लावला आणि दम न घेता सगळं सांगितलं. छातीत जड, वांगी, रान, दोन तास.

शिवतेज म्हणाला, "आई, त्यांनी तुला सांगितलं तरी. आदल्या रात्री माझा फोन झालता. मी इचारलं, बाबा, आवाज का असा येतोय? मला म्हणले, मजेत हाय, तू ड्युटी कर. मी बी फोन ठेवला की."

"तू तिकडं लांब हुतास."

"तू बी दोन तास रानात हुतीस, आई. तुला तरी काय ठावं?"

मग दोघंही रडली. किती वेळ, ते काही कुणी मोजलं नाही. फोन ठेवल्यावर राहीबाईंनी तोंड धुतलं, पायात चप्पल घातली आणि धोंडुबाईंच्या गोठ्याकडं गेल्या.

अंकिता वैरण घालत होती. त्यांना बघून पेंढी हातातच राहिली.

"जेवलीस का गं?" राहीबाईंनी विचारलं.

पोरीनं नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि पेंढीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली. राहीबाई जवळ गेल्या नाहीत. जागेवरूनच म्हणाल्या, "हे बघ, तू केलंस ते चुकलं. दुसऱ्याच्या घरात न सांगता बघायचं न्हाई, मग मन कितीबी चांगलं असू दे. हे मी इसरणार न्हाई आन तू बी इसरू नको. पर तुला कुणी इचारत न्हाई हे मला शेजारी राहून कळलं न्हाई, ही चूक माझी. उद्यापास्नं एक वाजता ताट घेऊन यायचं. दारातनं. कडी वाजवून."

"आन पासवर्ड..." अंकिता अडखळली. "मला नको मावशी. मी मागणार न्हाई."

"मागितलास तरी देणार न्हाई," राहीबाई म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कडी वाजली. पहिले काही दिवस दोघी अवघडून जेवल्या; ह्यांना बोलायला सुचेना, तिला गिळायला सुचेना. मग हळूहळू जमलं. राहीबाईंना कळलं की पोरीला औंधच्या यमाईच्या डोंगराची पायरीन् पायरी पाठ आहे, आणि ती खोबऱ्याची चटणी आपल्यापेक्षा चांगली करते. हे सगळं कॅमेऱ्याला विचारून कळलं नसतं.

लालासाहेबांच्या दुकानात जाऊन राहीबाईंनी माफी मागितली. "असू द्या हो," ते म्हणाले आणि पुड्यात दोन खारका जास्त टाकल्या. गल्लीच्या पोरांचा अभ्यास बुडायला नको, म्हणून राहीबाई दीपमालाला पुन्हा घेऊन आल्या. तिनं त्याच यंत्रातून पाहुण्यांसाठी दुसरं वायफाय काढून दिलं: निराळं नाव, निराळा पासवर्ड, त्यावरून नेट चालेल पण घरातल्या वस्तूंपर्यंत कुणी पोचणार नाही. "म्हंजे ओटा," राहीबाई म्हणाल्या. "ओटाच," दीपमाला म्हणाली. पुढं महिला बचत गटाच्या बैठकीत राहीबाईंनी बाकीच्या बायकांनाही शिकवलं. सांगलीला शिकणाऱ्या पोरींनाही न जमणारी गोष्ट ही चौथी शिकलेली बाई समजावून सांगते, ह्याचं बायकांना कौतुक वाटलं. शिवतेजनं कॅमेरा पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा त्यांनी तो आतल्या खोलीतून काढून बाहेर ओट्यावर बसवला. आतल्या खोलीत परत कधी लावला नाही.

श्रावणात अंकिताला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण औंधला तिच्या घरी नुसते वडील आणि भाऊ. धोंडुबाई आपल्या परीनं काळजीत पडल्या. बोलून दाखवायची सवय नव्हती इतकंच. राहीबाईंनी चार दिवस विचार केला. मग शिवतेजला विचारलं. तो म्हणाला, माझी खोली रिकामीच हाय की. मग एका सकाळी त्या नवं पातळ नेसून, खणानारळाची ओटी घेऊन, अगदी रीतसर धोंडुबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"आवं, काय हे?" धोंडुबाई गोंधळल्या. "शेजारच्या घरातनं येताय आन नवं लुगडं?"

"मागणं घालाया आले," राहीबाई म्हणाल्या. "सातव्या महिन्यात पोरीला माहेरी न्यायचं म्हणते. माझ्या घरी."

धोंडुबाई तशाच आत गेल्या. राहीबाईंना वाटलं, चुकलंच आपलं. पण धोंडुबाई बाहेर आल्या त्या हातात कुंकवाचा करंडा आणि गुळाचा खडा घेऊन. विहिणीला लावावं तसं त्यांनी राहीबाईंच्या कपाळाला कुंकू लावायला बोट उचललं, मग विधवेच्या कपाळाशी आल्यावर क्षणभर थबकल्या, आणि लावलंच. गूळ हातावर ठेवला.

"न्या," त्या म्हणाल्या. "पर लय लाड करू नका. मला परत आणायची हाय तिला."

आत चुलीशी उभी असलेली अंकिता हे सगळं ऐकत होती. ह्या वेळी ती दारात येऊन उभी राहिली; ऐकलेलं तिनं कुणापासून लपवलं नाही.